पाच हजार चाळीस ठोके

चंद्राच्या पोटातून कोणीतरी ठोके देत होतं.

आधी नुसतेच जोराचे. धप्, धप्, धप्, धप्... अर्धा मिनिट उलटलं तरी थांबेनात. मग मध्येच हलके ठोके सुरू झाले. टुक्, टुक्, टुक्, धप्, टुक्... केतकीने कानांवरचे हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले. ठोके एका लयीत, अगदी शिस्तीत येत होते. दगड गडगडत असते तर असे आले नसते.

"आत्या!" ती किंचाळलीच. "आत्या, लवकर ये! हा खटपट्या आहे! आपला खटपट्याच आहे!"

गार्गीआत्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. चंद्रावर धावायचं म्हणजे लांब लांब उड्याच माराव्या लागतात. दोन उड्यांत ती केतकीपाशी पोचली, हेडफोनची एक बाजू तिने स्वतःच्या कानाला लावली आणि क्षणभर डोळे मिटून घेतले.

"तो चालू आहे," ती म्हणाली. "म्हणजे..."

ही गोष्ट सन २०९१ मधली, चंद्रावरच्या कौमुदी वस्तीतली. त्या सकाळी केतकीचे बाबा, त्यांचे मित्र लोबोकाका आणि सहा पायांचा यंत्रमानव खटपट्या असे तिघं एका नव्याने सापडलेल्या लाव्हानळीत (तापलेला लाव्हा वाहून गेल्यावर मागे उरलेल्या पोकळ बोगद्यात) उतरले होते. बाबा भूवैज्ञानिक होते. चंद्राचे खडक बघायला मिळाले की त्यांना जेवणाचीही शुद्ध राहत नसे. पण दुपारी बोगद्याचं तोंड ढासळलं. एवढ्या जाड खडकातून रेडिओलहरी बाहेर येईनात. तेव्हापासून वस्तीतल्या कुणाच्याच तोंडात घास गेला नव्हता.

केतकीची आई त्या महिन्यात पृथ्वीवर, साताऱ्याला गेली होती. त्यामुळे बारा वर्षांची केतकी आत्याजवळच, वस्तीच्या संदेशकक्षात बसून होती. आत्या बाबांची धाकटी बहीण आणि या कक्षाची प्रमुख.

तुम्ही विचाराल, चंद्रावर तर हवा नाही, मग ठोका ऐकू कसा आला? बरोबर आहे. हवा नाही म्हणून तिथे आवाज कानापर्यंत येत नाही. पण खडकाला धडक दिली की खडक थरथरतो आणि ती थरथर दूरवर जाते. वस्तीने जागोजागी कंपनमापक (जमिनीची थरथर टिपणारी यंत्रं) रोवून ठेवले होते. बोगद्याच्या तोंडाजवळच्या कंपनमापकाने ही थरथर टिपली होती आणि आत्याच्या यंत्राने तिचा आवाज करून केतकीच्या कानांपर्यंत पोचवला होता.

पाऊण तासाच्या आसपास ठोके चालू राहिले. मग शांतता. मग पुन्हा पहिल्यापासून, अगदी तसेच. आणि त्यानंतर मात्र काहीच नाही.

"बॅटरी संपली असणार त्याची," आत्या म्हणाली. तिची बोटं पडद्यावर भराभर चालत होती. "किती ठोके झाले बघू. पाच हजार चाळीस. दुसऱ्या वेळी? तेही पाच हजार चाळीस. म्हणजे मोजण्यात चूक नाही."

"पण त्याला सांगायचंय काय?"

"चित्र पाठवलंय त्याने. तो बोगदा नवा आहे ना, आपल्याकडे त्याचा नकाशाच नाही. त्याला फाटे किती, वळणं कुठे, दादा आणि लोबो नेमके कुठे अडकलेत, हे नुसत्या शब्दांत सांगता येणार नाही. जोराचा ठोका म्हणजे काळा ठिपका, हलका ठोका म्हणजे पांढरा. ठिपक्यांची रांगोळी असते ना, तसं. आपण ठिपके ओळीने मांडायचे, एक ओळ भरली की खाली दुसरी."

केतकीचे डोळे चमकले. "मग मांड ना!"

"मांडते गं. पण एका ओळीत किती?"

आणि इथेच सगळं घोडं अडलं.

आत्याने पडद्यावर बारा ठिपके काढले. "हे बघ. बारा ठिपक्यांची नीट चौकोनी रांगोळी काढायचीय, एकही ठिपका उरता कामा नये. कशी काढशील?"

"चार-चारच्या तीन ओळी," केतकी म्हणाली. "नाहीतर तीन-तीनच्या चार. सहाच्या दोन, दोनच्या सहा. आणि बाराची एकच ओळ, किंवा एकेकाच्या बारा."

"सहा प्रकार झाले. कारण बाराला सहा विभाजक आहेत (ज्या संख्येने भागल्यावर बाकी काहीच उरत नाही, ती विभाजक). एक, दोन, तीन, चार, सहा आणि बारा. प्रत्येक विभाजकाची एक रांगोळी. आता पाच हजार चाळीसला किती विभाजक असतील?"

केतकी बोटं मोजायला लागली. आत्याने तिच्यासमोर संख्येचे तुकडे करून दाखवले.

५०४० = २ × २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ७

"या आठ विटा. यांतल्या काही उचलायच्या आणि एकमेकांशी गुणायच्या, की एक विभाजक तयार. दोनच्या विटा किती घेशील? एकही नाही, एक, दोन, तीन किंवा चार. म्हणजे पाच पर्याय. तीनच्या? शून्य, एक किंवा दोन, म्हणजे तीन पर्याय. पाचची वीट घेशील किंवा नाही घेणार, दोन पर्याय. सातचंही तसंच. आता गुण."

"पाच गुणिले तीन पंधरा, दुणे तीस, दुणे... साठ?" केतकी उडालीच. "साठ प्रकारे मांडता येईल?"

"साठ. पाच हजार चाळीसपेक्षा लहान अशी एकही संख्या नाही की जिला इतके विभाजक आहेत. सगळ्यांशी जमवून घेणारी संख्या आहे ही. एरवी मला फार आवडते. आज नाही."

एवढ्यात दार सरकलं आणि वस्तीप्रमुख डॉ. फातिमा मुजावर आत आल्या. त्यांच्या बुटांना अजून चंद्राची करडी धूळ चिकटलेली होती. बोअरचं यंत्र बाहेर काढून त्या थेट इथे आल्या होत्या.

"गार्गी, काय हाती लागलं?"

आत्याने सगळ्या साठ रांगोळ्या भिंतीवर उमटवल्या. बहुतेकींमध्ये काही म्हणता काही दिसत नव्हतं. पांढऱ्या तांदळात काळे खडे सांडावेत तसे ठिपके इकडेतिकडे पसरलेले. पण दोन चित्रं वेगळी होती. एका ओळीत सत्तर ठिपके मांडलेल्या चित्रात एक जाड काळी रेघ वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून तिरकी उतरत खालच्या उजव्या कोपऱ्यात गेली होती. आणि एका ओळीत बहात्तर ठिपके मांडलेल्या चित्रात तशीच जाड रेघ, पण वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्यात.

"हा बोगदा!" मुजावर मॅडम पुढे झाल्या. "पण दोन्हींपैकी खरा कुठला? वर उत्तर धरली तर हा आग्नेयेला जातो आणि हा नैर्ऋत्येला. दोन टोकं दोन दिशांना."

"तेच कळत नाहीये," आत्या म्हणाली.

मॅडमनी कपाळावरचा घाम पुसला. "माझ्याकडे यंत्र एक आहे. एक बोअर मारायला जेवढा वेळ लागतो, त्याहून फार जास्त प्राणवायू त्यांच्याकडे नसणार. पहिला बोअर चुकला तर दुसरा मारून उपयोग नाही. बोगद्याचं तोंड आग्नेयेच्या बाजूला जास्त खचलंय. मी आग्नेय धरते. यंत्र तिकडे हलवायला सांगते."

केतकी भिंतीवरच्या चित्रांकडे बघत होती आणि तिला राहून राहून काहीतरी खटकत होतं. खटपट्याला ती लहानपणापासून ओळखत होती. तिच्या पाढ्यांपासून भूमितीपर्यंत सगळा अभ्यास त्याने घेतला होता. एखादं उदाहरण दोन प्रकारे वाचता येत असलं तर तो सोडवायलाच बसत नसे. "प्रश्न नीट विचारा," म्हणून पाय आपटत असे.

"मॅडम," ती म्हणाली, "खटपट्या असं करणारच नाही."

"काय करणार नाही?"

"साठ प्रकारे मांडता येईल अशी संख्या तो निवडणारच नाही. त्याला ठाऊक आहे ना, की आपल्याला ओळीची लांबी माहीत नाही! मी जरी असते तरी अशी संख्या घेतली असती की रांगोळी एकाच प्रकारे मांडता येईल. मग कुणाचा घोटाळाच होणार नाही."

"बाळा, मला तुझी काळजी समजते, पण आत्ता..."

"थांबा, फातिमाताई," आत्या हळूच म्हणाली. "ती बरोबर बोलतेय. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. निरोप पाठवणारा शहाणा असेल तर तो सगळ्यांत सोयीची संख्या घेणार नाही. सगळ्यांत आडमुठी घेईल."

"पण आकडा तर पाच हजार चाळीसच आहे! तोही दोनदा!" मॅडम म्हणाल्या.

आत्याने ठोक्यांचा आकडा पुन्हा एकदा तपासला. मॅडमनी मनगटावरच्या यंत्राकडे बघितलं. बाहेर बोअरचं यंत्र आग्नेयेच्या दिशेने रांगू लागलं होतं, खिडकीतून त्याचा पिवळा दिवा हलताना दिसत होता.

केतकी भिंतीजवळ गेली. सत्तरची रांगोळी आणि बहात्तरची रांगोळी. तिने एक हात एका रेघेवर धरला, दुसरा हात दुसरीवर. एक हात उजवीकडे कलला, दुसरा डावीकडे. ती तशीच उभी राहिली. एक इकडे पडतोय, एक तिकडे पडतोय...

"आत्या," तिचा आवाज बारीक झाला होता, "ओळ खऱ्यापेक्षा एका ठिपक्याने छोटी घेतली तर काय होईल? पहिल्या ओळीचा शेवटचा ठिपका मावणार नाही, तो खालच्या ओळीत सुरुवातीला जाईल. मग खालची ओळ एका घराने उजवीकडे ढकलली जाईल. तिच्या खालची दोन घरं. मग तीन..."

"सगळं चित्र उजवीकडे कलेल," आत्या म्हणाली.

"आणि ओळ एका ठिपक्याने मोठी घेतली तर?"

"डावीकडे."

"सत्तरचं उजवीकडे कललंय. बहात्तरचं डावीकडे. मग मध्ये सरळ उभं कोण?"

दोघी एकदमच ओरडल्या, "एकाहत्तर!"

आत्याने झटकन भागाकार केला आणि तिचा चेहरा पडला. "पण एकाहत्तरने भाग जात नाही गं. भागाकार सत्तर, बाकी सत्तर."

"बाकी सत्तर!" केतकी जागच्या जागी उडाली, आणि चंद्रावर असल्यामुळे तिचं डोकं छताला लागता लागता वाचलं. "अगं, सत्तर ओळी पूर्ण भरल्या आणि एकाहत्तराव्या ओळीत सत्तर ठिपके आले. फक्त एक कमी! आणखी एक ठिपका असता तर एकाहत्तर ओळी झाल्या असत्या. एकाहत्तर गुणिले एकाहत्तर..."

"पाच हजार एक्केचाळीस," आत्या म्हणाली. ती खुर्चीवर बसलीच. "आणि एकाहत्तर ही मूळ संख्या आहे (जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कुणाचाही भाग जात नाही, ती मूळ संख्या). म्हणजे पाच हजार एक्केचाळीसला विभाजक तीनच. एक, एकाहत्तर आणि ती स्वतः. एकच लांबलचक ओळ, किंवा एकेकाचा खांब, किंवा एकाहत्तर बाय एकाहत्तर. ओळ आणि खांब म्हणजे काही चित्र नव्हे. उरलं एकच!"

"आडमुठी संख्या!" केतकी म्हणाली.

मुजावर मॅडम मात्र अजून भिंतीकडेच बघत होत्या. "आणि ही रेघ? दोन्ही चित्रांत ती आहे."

"ती बोगदा नाहीच. ती दोन ठिपक्यांएवढी जाड आहे, बघा. चित्राला काळी चौकट असेल ना, तर ओळीचा शेवटचा ठिपका म्हणजे चौकटीची उजवी बाजू, आणि लगेच पुढचा, म्हणजे खालच्या ओळीतला पहिला, ही डावी बाजू. दोन्ही एकमेकांना चिकटून आल्यात आणि तिरक्या झाल्यात," केतकी म्हणाली.

मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. आपण कोणत्या रेघेच्या भरवशावर यंत्र हलवलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"पण एक ठोका गेला कुठे?" त्या म्हणाल्या. "आणि दोन्ही वेळा नेमका एकच कसा हरवेल? हे सिद्ध झाल्याशिवाय मी यंत्र थांबवू शकत नाही. सुरुवातीचा हरवला, शेवटचा की मधलाच कुठला? त्याने सगळं चित्र बदलेल."

केतकीने ओठ चावला. मग ती पडद्याकडे धावली. "चौकट असेल तर मोजता येईल! वरची आख्खी ओळ काळी, म्हणजे सलग एकाहत्तर जोराचे ठोके. लगेच दुसऱ्या ओळीचा पहिला, चौकटीच्या डाव्या बाजूचा. बहात्तर झाले. शेवटीही तसंच. उजव्या बाजूचा एक आणि मग खालची आख्खी ओळ. बहात्तर. आत्या, सुरुवातीला सलग किती धप् आलेत?"

आत्याने मोजले. "एकाहत्तर."

"आणि शेवटी?"

"बहात्तर!" आत्याचा आवाज चढला. "हरवलाय तो पहिलाच ठोका! आणि आता मला कळलं कसा. तो कंपनमापक जुना आहे. वीज वाचवायला तो झोपून असतो. जमिनीला धक्का बसला की जागा होतो आणि टिपायला लागतो. पण ज्या ठोक्याने त्याला उठवलं, तो ठोका त्याने टिपलेलाच नसतो! मधे शांतता झाली, तो पुन्हा झोपला, पुन्हा पहिला ठोका गेला."

"मला आई सकाळी हाक मारते ना," केतकी म्हणाली, "तेव्हा मला पहिली हाक कधीच ऐकू येत नाही. आई म्हणते, मी तीन मारल्या. मी म्हणते, दोनच."

मुजावर मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी मनगटावरचं बटण दाबलं. "बोअर पथक, आहात तिथे थांबा. पुढे जाऊ नका." मग आत्याकडे वळून म्हणाल्या, "मांड."

आत्याने सगळ्यांत पुढे एक काळा ठिपका ठेवला आणि ओळीची लांबी एकाहत्तर केली.

भिंतीवरचे ठिपके एकदम हलले, सरकले आणि जागच्या जागी बसले. तिरकी रेघ नाहीशी झाली. चारही बाजूंनी सरळ, नेटकी काळी चौकट उभी राहिली. आणि चौकटीच्या आत बोगदा! मध्यभागी ढासळलेलं तोंड, तिथून पूर्वेला गेलेली वाट, पुढे तीन फाटे, आणि त्यांतला सगळ्यांत वरचा फाटा उत्तरेकडे वळलेला. आग्नेयेला काही नव्हतं. नैर्ऋत्येलाही काही नव्हतं. नुसता भरीव खडक.

वरच्या फाट्याच्या टोकाशी दोन अगदी छोटी माणसं काढलेली होती, पाच-सहा ठिपक्यांची एकेक. एक उभं होतं. दुसरं आडवं होतं.

"आडवं कोण आहे?" केतकीने विचारलं.

"एक ठिपका म्हणजे दहा मीटर, आपल्या नकाशांची पद्धत तीच," मॅडम भराभर बोलत होत्या, मनगटात आणि खोलीत एकाच वेळी. "बोअर पथक, नवी जागा घ्या. यंत्र उत्तरेला वळवा. हो, उत्तरेला! पूर्ण वेगाने."

त्यानंतरचा वेळ केतकीने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. ती खिडकीशी उभी राहून पिवळ्या दिव्याकडे बघत होती. आत्या तिच्या मागे उभी होती आणि तिचे दोन्ही हात केतकीच्या खांद्यांवर होते. ती दोन माणसं केतकीच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. उभं एक. आडवं एक.

अखेर कंपनमापकातून येणारी यंत्राची घरघर बदलली. पातं पोकळीत पोचलं होतं. पथकाने भोकातून प्राणवायूची नळी आत सोडली आणि तिच्यासोबत एक छोटा रेडिओ. आत्याने आवाज मोठा केला. खरखर झाली. मग कोणीतरी खोकलं.

"अरे, जरा हळू पाडा की भोक!" बाबांचा आवाज आला. "लोबोच्या डोक्यावर सगळी माती पडतेय. आधीच त्याचा पाय दुखावलाय. झोपवून ठेवलाय मी त्याला. आणि आता वरून हे."

"बाबा!" केतकी ओरडली.

"केतू? तू आहेस होय? ऐक, लोबोकाका विचारतोय, खाली चहा सोडता येईल का."

आत्या हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मुजावर मॅडमनी पाठ फिरवली आणि बराच वेळ त्या आपल्या बुटांवरची धूळ झटकत राहिल्या.

दोघांना वर काढायला पुढचे काही दिवस लागले, पण खाली सोडलेल्या हवाबंद तंबूत हवा, पाणी आणि चहा नळीतून जातच होता. खटपट्याला सगळ्यांत शेवटी काढलं. त्याचा एक पुढचा पाय ठोके देऊन देऊन वाकडा झाला होता. नवी बॅटरी बसवल्याबरोबर त्याने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "मी पाच हजार एक्केचाळीस ठोके दिले. मी मोजले होते."

"माहीत आहे रे," केतकी म्हणाली. "पहिला आम्ही झोपेत घालवला."

लोबोकाका पलंगावर पाय उंच करून पडले होते. बाबा शेजारच्या खुर्चीवर बसले होते, आत्या दारात उभी होती.

"पण तू वर्गच का निवडलास?" केतकीने खटपट्याला विचारलं. "दोन वेगळ्या मूळ संख्या घेतल्या असत्यास तरी चाललं असतं ना? सदुसष्ट गुणिले त्र्याहत्तर, असं काहीतरी."

"चाललं नसतं," खटपट्या म्हणाला. "सदुसष्टच्या त्र्याहत्तर ओळी की त्र्याहत्तरच्या सदुसष्ट ओळी? दोन पर्याय झाले असते. मूळ संख्येचा वर्ग घेतला की दोन्ही बाजू सारख्या. पर्याय एक. माझ्याकडे वीज थोडी होती. घोटाळ्याला जागा नव्हती."

"आणि तरी झालाच," बाबा म्हणाले. "कारण एक ठोका हरवला आणि निरोप थेट शेजाऱ्याच्या घरी गेला. शेजारी कोण, तर पाच हजार चाळीस! साठ दारं असलेलं घर. कुठूनही आत जा."

"आणखी एक हरवला असता तर?" लोबोकाकांनी विचारलं.

केतकीने मनात आकडा धरला. ५०३९. दोनने भाग जात नव्हता, तीनने नाही, पाचने नाही, सातने नाही. ती पुढे जाणार तेवढ्यात खटपट्या म्हणाला, "एकाहत्तरच्या अलीकडच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं. जात नाही. ती स्वतःच मूळ आहे."

"म्हणजे तिची चौकोनी रांगोळी होणारच नाही!" केतकी म्हणाली. "मग आम्हाला लगेच कळलं असतं की काहीतरी हरवलंय. दोन हरवले असते तर बरं झालं असतं. एक हरवला म्हणून फसलो."

"तीन शेजारी, आणि तिघांचे तीन स्वभाव," आत्या म्हणाली. "एक कुणालाच आत घेत नाही, एक सगळ्यांना घेते, आणि एक फक्त एकाहत्तरला. ओळीने उभ्या असलेल्या संख्या वरून सारख्याच दिसतात. फोडून बघितल्याशिवाय कळत नाही कोण कशी ते."

वस्तीत आता नियम झाला होता की कोणताही निरोप ठोकायच्या आधी कंपनमापकाला जागं करायला दहा ठोके वेगळे द्यायचे. पण केतकीच्या डोक्यातून ते आकडे जाईनात. ती बोटाने हवेत गुणाकार करत बसली आणि अचानक थांबली.

"आत्या, एक गुणिले दोन गुणिले तीन, असं सातपर्यंत गुणत गेलं की पाच हजार चाळीसच येतात!"

"बरोबर."

"आणि त्यात एक मिळवला की एकाहत्तरचा वर्ग. हे नेहमीच होतं?"

"करून बघ की."

केतकीने करून बघितलं. चारपर्यंतचा गुणाकार चोवीस, अधिक एक पंचवीस. पाचचा वर्ग! पाचपर्यंतचा एकशे वीस, अधिक एक एकशे एकवीस. अकराचा वर्ग! तिचे गाल तापले. सहापर्यंतचा सातशे वीस, अधिक एक सातशे एकवीस. सव्वीसचा वर्ग सहाशे शहात्तर, सत्तावीसचा सातशे एकोणतीस. नाही जमलं. आणि सातला पुन्हा जमत होतं.

"चार, पाच आणि सात," ती म्हणाली. "यांच्यापुढे कोण?"

आत्या बाबांकडे बघून हसली. "कुणालाच ठाऊक नाही."

"म्हणजे तुला ठाऊक नाही?"

"मला नाही, दादाला नाही, पृथ्वीवरच्या कुठल्याही गणितज्ञाला नाही. संगणकांनी फार फार पुढपर्यंत शोधून बघितलं, चौथा कुणाला सापडला नाही. पण तो नसतोच, असंही कुणी सिद्ध करू शकलेलं नाही. दोनशे वर्षांहून जास्त काळ लोक विचार करतायत."

केतकी तिच्याकडे बघतच राहिली. एवढा सोपा प्रश्न, तिसरीतल्या पोरालाही समजेल असा, आणि उत्तर कुणाकडेच नाही! तिला वाटलं होतं, गणितातलं सगळं कुणीतरी कधीच शोधून ठेवलेलं असतं आणि आपण फक्त ते शिकायचं असतं.

ती खटपट्याच्या वाकड्या पायाशेजारी मांडी घालून बसली.

"आठ," ती म्हणाली.

"आठपर्यंतचा गुणाकार चाळीस हजार तीनशे वीस," खटपट्या म्हणाला. "अधिक एक. दोनशेचा वर्ग त्याहून लहान, दोनशे एकचा त्याहून मोठा. नाही."

"मग नऊ," केतकी म्हणाली.